नाक्यावर सॅक उघडायला लावली, मोबाइल ठेवून घेतला: कायदा काय म्हणतो?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. धाकटा भाऊ म्हापशाला कामाला असतो. शनिवारी रात्री चोर्ला घाटातून दुचाकीवरून गावी येताना कणकुंबीच्या पुढे त्याला थांबवलं. सॅक उघडायला लावली, खिसे चाचपले, मोबाइल घेऊन 'लॉक काढ' म्हणाले. त्याने नकार दिल्यावर मोबाइल ठेवून घेतला, कन्नडमधल्या एका कागदावर सही घेतली आणि 'सोमवारी ठाण्यावर ये' म्हणून सोडून दिलं. प्रत नाही, पावती नाही. आता प्रश्न असे: वॉरंट नसताना हे चालतं का? मोबाइल उघडून द्यावाच लागतो का? न वाचता सही केली, तिचं काय? आणि मोबाइल परत कसा मिळवायचा?

मी बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. निपाणी, खानापूर, हुक्केरी या बाजूची अशी माणसं आठवड्याला एखादी तरी येतातच. बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते की वॉरंट दाखवलं नाही. ती बहुतेक वेळा टिकत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पुढे नुसतं 'कलम' म्हटलं की ते याच संहितेचं. तिचं कलम १८५ म्हणजे जुनं १६५. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं की गुन्ह्याशी संबंधित वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि कोर्टाकडून वॉरंट आणेपर्यंत ती हातची जाईल, तर तो वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो. मात्र त्याने कारणं आधी लिहायची असतात, कशाचा शोध आहे तेही लिहायचं असतं आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची असते. ज्याच्या जागेची झडती झाली त्याने अर्ज केला तर मॅजिस्ट्रेटकडून ती प्रत फुकट मिळते. हा अर्ज करताना मी फार कमी लोकांना पाहिलंय. खरं तर पहिला अर्ज तोच करायला हवा, कारण नोंदच झालेली नसेल तर ते तिथेच उघडं पडतं.

रस्त्यावर मात्र गाडी कोणी थांबवली यावर अर्धं प्रकरण ठरतं, आणि आपल्या भागात थांबवणारे बरेच. चोर्ला रस्त्यावर अबकारीवाले असतात, कारण 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेली बाटली कर्नाटकात शिरली की ती अबकारी कायद्याची केस होते. भीमगड अभयारण्याच्या बाजूला वनखातं असतं, त्यांना वन्यजीव कायद्याखाली वाहन आणि सामान तपासण्याचे स्वतःचे अधिकार आहेत. पन्नास हजारांवरचा माल असला की ई-वे बिल विचारणारे जीएसटीवाले असतात. निवडणूक लागली की कोगनोळीपासून बाचीपर्यंत तपासणी पथकांचे तंबू पडतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि माल सोडवायचं दारही वेगळं. अबकारीत गाडी अडकली तर आधी त्याच खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्यापुढे जावं लागतं, थेट मॅजिस्ट्रेटकडे जाऊन भागत नाही. म्हणून भावाला पहिला प्रश्न हा विचारा: थांबवणारा कुठल्या खात्याचा होता? अंगावर खाकी होती एवढ्याने कळत नाही. छातीवरची नावाची पट्टी, गाडीवर लिहिलेलं खातं, कागदावरचा शिक्का, यातलं काही आठवतं का बघा.

कागदपत्रं तपासणं आणि सॅक उपसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स, आरसी, विमा मागितला तर दाखवायचाच, डिजीलॉकरमधला चालतो. पण लायसन्स तपासायच्या अधिकारात सॅकमधले कपडे बाहेर काढणं येत नाही. त्याला वेगळा संशय लागतो आणि तो सांगता आला पाहिजे. 'साहेब, कशाचा संशय आहे?' एवढा प्रश्न शांतपणे विचारायला हरकत नाही. उत्तर काहीही मिळो, तुम्ही विचारलं होतं हे पुढे उपयोगी पडतं.

अडवायचं मात्र नाही. सॅक घट्ट धरून ठेवली, हात झटकला, की सरकारी कामात अडथळ्याची केस तयार. भारतीय न्याय संहितेची, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची, २२१ आणि १३२ ही कलमं त्यासाठीच आहेत, आणि मूळ झडतीत काही निघालं नाही तरी ती केस वर्षानुवर्षं चालते. 'माझी संमती नाही, पण मी अडवत नाही' हे वाक्य तोंडी म्हणा, जमलं तर कागदावर लिहा. आपण गप्प राहून चेन उघडून दिली की पोलिसांच्या कागदात 'स्वखुशीने दाखवले' असं येतं.

झडती बेकायदा झाली तर त्यात सापडलेला माल पुराव्यातून बाद होतो, असा एक समज घट्ट आहे. आपल्याकडे तसं नाही. पूरनमल प्रकरणात डिसेंबर १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झडतीत दोष असला तरी मिळालेला पुरावा तेवढ्यावरून फेकला जात नाही. दोषाचा फायदा होतो तो पुराव्यावर विश्वास किती ठेवायचा, पंच खरे की ठरवलेले, वस्तू नक्की तीच का, या मुद्द्यांवर. म्हणजे लढाई झडतीच्या क्षणी फार थोडी लढता येते. ती महजराच्या कागदावर लढायची असते. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात तोच आपल्या बाजूला महजर.

हा कागद नीट बघायला शिका. सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे झडतीला त्या भागातले, नाही मिळाले तर दुसऱ्या भागातले, दोन किंवा जास्त स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच लागतात. जप्त वस्तूंची यादी करून पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि ज्याची झडती घेतली त्याला यादीची प्रत द्यायची. प्रत मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो कायद्यातला शब्द आहे. रात्री अकराला घाटात प्रतिष्ठित पंच कुठून येणार, हा प्रश्न कोर्टालाही पडतो. कित्येकदा नाव निघतं ते नाक्यासमोरच्या टपरीवाल्याचं, आणि तोच माणूस आणखी चार केसेसमध्ये पंच असतो. भावाला विचारा: तिथे साध्या कपड्यातलं कोण होतं? झडती सुरू होताना होतं की सह्यांच्या वेळी उगवलं? आजच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी उलटतपासणीच्या वेळी हे कुणालाच आठवत नाही.

नव्या संहितेने कलम १०५ आणून एक चांगली गोष्ट केली. जागेची झडती किंवा वस्तूची जप्ती, यादी करण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत, मोबाइलवर का होईना, चित्रित झाली पाहिजे आणि ते चित्रण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे. नुसते खिसे चाचपून सोडून दिलं तर या कलमाचा आग्रह धरता येणार नाही. पण तुमच्या भावाचा मोबाइल ताब्यात घेतला, म्हणजे जप्ती झाली. चित्रण झालं का, कुणाच्या फोनवर, कुठे पाठवलं, हे लेखी विचारता येतं.

आता सहीचं. सीमाभागातली खरी गोची इथे आहे. महजर कन्नडमध्ये असतो, राज्यकारभाराची भाषा ती आहे, त्यात बेकायदा काही नाही. आपल्या मुलांना कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये अडत नाही, पण हाताने घाईत लिहिलेला जोडाक्षरी मजकूर वाचता येत नाही. हवालदार बोटाने जागा दाखवून 'सही माडी' म्हणतो, पोरगा सही करतो आणि सुटलो म्हणतो. कायद्याने यादीवर सही लागते ती पंचांची. ज्याची झडती झाली त्याची सही नसली म्हणून महजर रद्द होत नाही, त्यामुळे सही केलीच पाहिजे असंही नाही. तरीही मी 'सही करू नका' असा सल्ला देत नाही, कारण रात्रीच्या वेळी त्यावरून वाद वाढतो. सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहा: 'मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही, वाचून दाखवला नाही, प्रत मिळाली नाही.' वाचून दाखवला असेल तर तसं लिहा, खोटं लिहू नका. खाली तारीख आणि वेळ. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर मात्र काही झालं तरी नाही. मजकूर संपतो तिथून सहीपर्यंत मोकळी जागा असेल तर तिरकी रेघ मारा.

कन्नड येत नसलं तरी आकडे वाचता येतात. रक्कम, गाडीचा नंबर, वेळ हे बहुधा इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं असतं. एका प्रकरणात मी पाहिलेल्या महजरात एवढंच होतं: काळ्या रंगाचा टच स्क्रीन मोबाइल, एक. कंपनी नाही, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) नाही, सिमचा नंबर नाही, काचेला तडा गेला होता त्याचा उल्लेख नाही. असा काळा मोबाइल तालुक्यात दर दुसऱ्या खिशात आहे. पुढे त्या फोनमधून अमुक निघालं असं पोलीस म्हणाले, तेव्हा हा तोच फोन कशावरून, या प्रश्नाला त्यांच्याकडे कागद नव्हता. आरोपीला त्याचा फायदा झाला. पण उलटंही होतं: फोन परत मागायला जावं तर हाच फोन तुमचा कशावरून, म्हणून तुम्हालाच विचारतात. म्हणून खोका आणि बिल जपून ठेवा, आयएमईआय खोक्यावर असतो.

महजर वेगळा आणि जबाब वेगळा, हेही लक्षात ठेवा. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ मध्ये तसं स्पष्ट आहे. 'मी काय केलं' अशी हकीकत लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर तो महजर नव्हे, एवढं सांगून थांबा.

मोबाइलच्या लॉकबद्दल आपल्या हायकोर्टाचाच निकाल आहे. वीरेंद्र खन्ना विरुद्ध कर्नाटक राज्य, मार्च २०२१. पोलीस पासवर्ड मागू शकतात, तुम्ही द्यायचं ठरवलं तर देऊ शकता. नाही म्हटलं तर जबरदस्ती चालत नाही, पोलिसांनी कोर्टाकडे जाऊन आदेश किंवा झडतीचं वॉरंट आणायचं. तातडीची गरज असेल तर कारणं लिहून वॉरंटाशिवाय पुढे जाता येतं, ही वाट कोर्टाने ठेवलीय. बोट धरून स्क्रीनवर टेकवणं, चेहऱ्यासमोर फोन धरणं, हेही पासवर्डमध्येच धरलंय. म्हणजे भावाने नाही म्हटलं ते त्याच्या हक्कातलं होतं. पण याच निकालात हेही आहे की पासवर्ड सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. कोर्टाचा आदेश आल्यावर 'मला संविधानाचं संरक्षण आहे' म्हणून बसलात तर ते चालणार नाही, कोर्ट तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. नाक्यावर नाही म्हणणं आणि कोर्टाला नाही म्हणणं यात फरक करा. आणि नुसतं 'गॅलरी दाखव, व्हॉट्सअ‍ॅप दाखव' हा कुठल्याच तपासाचा भाग नसतो. कुठला गुन्हा, नंबर काय, हे आधी सांगायला हवं.

गांजाचा संशय असेल तर प्रकार वेगळा. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायची तुम्हाला मुभा आहे' हे सांगावंच लागतं. बलदेव सिंग प्रकरण १९९९ चं, विजयसिंह जडेजा २०१० चं, दोन्ही घटनापीठांनी हे पक्कं केलंय. पण हे संरक्षण अंगाचं आहे, सामानाचं नाही. सॅक म्हणजे अंग नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा. माल सॅकमध्ये सापडला आणि ५० सांगितलं नाही, एवढ्यावर सुटका होत नाही. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची पिशवी 'जरा धर' म्हणून मांडीवर घेणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. उलट, कारण नसताना त्रास द्यायला झडती घेतली तर त्याच कायद्याच्या कलम ५८ खाली अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वापरात ते क्वचित येतं.

बाईमाणसाची अंगझडती बाईनेच आणि अब्रू सांभाळून घ्यायची. याला रात्र, घाट, स्टाफ नाही, अशी कुठलीही सबब नाही.

निवडणुकीच्या दिवसांत हुपरीहून चांदी घेऊन निपाणी, बेळगावला येणारे कारागीर आणि आठवडी बाजारचे व्यापारी हमखास अडकतात. पन्नास हजारांवरची रोकड दिसली की पथक थांबवतंच. आयोगाचे नियम नीट वाचले तर उमेदवार, त्याचा एजंट, कार्यकर्ता यांच्या गाडीतली रक्कम, किंवा मतदारांना वाटण्याचा संशय, हा जप्तीचा आधार आहे. साध्या व्यापाऱ्याकडे बँकेची स्लिप, बिल, वजनाची चिठ्ठी असेल तर रक्कम सोडायला हवी. दहा लाखांच्या वर असेल आणि गुन्ह्याचा संशय नसेल तर आयकर खात्याला कळवतात. जप्त झालीच तर कोर्टात धावण्याआधी जिल्ह्याची तक्रार समिती गाठा. तिच्यात जिल्हा पंचायतीचे सीईओ, खर्च देखरेखीचे नोडल अधिकारी आणि जिल्हा खजिना अधिकारी असतात. एफआयआर किंवा तक्रार नसेल तर ही समिती रक्कम लवकर सोडते. समितीचं नाव आणि अपील कसं करायचं हे जप्तीच्या कागदावरच असायला हवं, तेवढं बघा.

१ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, आपल्याकडचा काळा दिवस) आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातलं विधिमंडळ अधिवेशन या दिवसांत गाड्या जास्त तपासल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे. जमावबंदीचा आदेश असतो, पण तो जमायला बंदी घालतो, प्रत्येकाची पिशवी उघडायचा परवाना तो नव्हे. प्रतिबंधक अटक झाली तर मात्र सुरक्षा संहितेच्या कलम ४९ प्रमाणे अंगावरचं सामान काढून ठेवता येतं. अंगावरचे कपडे सोडून जे काही घेतलं त्याची पावती द्यावी लागते. घड्याळ, पाकीट, त्यातली रक्कम, सगळं पावतीवर आलं पाहिजे. अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. मराठी माणसाला कन्नडमधला कागद देऊन 'कळवलं' म्हणता येणार नाही, हा मुद्दा आपल्या भागात वकिलांनी आता ठासून मांडायला हवा.

कधी कधी शिनोळी-चंदगड बाजूचे, कागलचे पोलीस हद्द ओलांडून येतात. त्यांना अधिकारच नाही असं म्हणू नका. उशीर झाला तर पुरावा जाईल असं असेल तर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती घेता येते, पण तिथल्या ठाण्याला लगेच कळवावं लागतं. आपल्या ठाण्यात जाऊन तशी नोंद आहे का विचारा.

आता तुमच्या भावाचं. 'सोमवारी ये' असं तोंडी सांगितलेलं कायद्यात बसत नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ ची लेखी नोटीस, संशयित म्हणून तर ३५(३) ची. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही. तरीही मी त्याला जायला सांगेन, कारण न जाण्याने फोन परत येणार नाही. एकटा नको, वकील नाही तर गावातलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर घ्या. जाताना अर्ज लिहून दोन प्रती न्या: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक आयएमईआयचा मोबाइल ताब्यात घेतला, महजराची आणि जप्ती यादीची प्रत द्यावी, गुन्हा नोंद असल्यास नंबर द्यावा, चित्रण झालं का ते कळवावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पीएसआयना, आणि प्रत एसपी ऑफिसला. बेळगाव शहर आणि भोवतालची काही गावं आयुक्तालयात येतात, खानापूर एसपींकडे.

जप्तीची खबर पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला लगेच द्यायची असते, कलम १०६ प्रमाणे. म्हणून पुढची पायरी खानापूर कोर्टात कलम ५०३ खाली मोबाइल ताब्यात मिळण्याचा अर्ज. कोर्ट पोलिसांकडून अहवाल मागवतं. जप्तीची नोंदच नसेल तर पोलिसांची अडचण होते आणि अशा वेळी फोन दोन दिवसांत 'सापडल्याची' उदाहरणं कमी नाहीत. नोंद असेल तर बिल, आधार, मुचलका आणि फोनचे फोटो यावर तो सोडवता येतो. सुंदरभाई देसाई निकालात सुप्रीम कोर्टाने वस्तू ठाण्यात कुजत ठेवू नका म्हणून सांगितलंय. नव्या कलम ४९७ मध्ये तर कोर्टापुढे वस्तू आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णन, मग फोटो किंवा चित्रण आणि त्यानंतर ३० दिवसांत निकाल, अशी मुदतच घातलीय. फोन तपासणीसाठी फॉरेन्सिक लॅबला गेला असेल तर मात्र वेळ लागतो, तेव्हा निदान सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन सिम काढून घ्या. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

पैसे मागितले असतील तर ते प्रकरण लोकायुक्त पोलिसांकडे न्या, एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) रद्द झाल्यापासून ते काम त्यांच्याकडे आहे. मारहाण किंवा गैरवर्तन असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, आणि अंगावर खुणा असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर कायदेसेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर फुकट आहे, आणि खानापूर कोर्टाच्या आवारातच तालुका समितीचं ऑफिस आहे. अर्ज करायला भावाने स्वतः जावं. आधार, फोनचं बिल किंवा खोका आणि ठाण्यातली पोच, एवढं बरोबर असलं म्हणजे झालं.